लोकल पोलीस आणि आइस (केंद्राची इमिग्रेशन यंत्रणा): न्यू जर्सीत (आणि तुमच्याकडे) नक्की काय नियम आहेत?

शेवंता_एडिसन

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आमच्या मंडळाने नेहमीप्रमाणे हायस्कूलचं सभागृह घेतलंय. शाळेची अट अशी की पार्किंगसाठी टाऊनचा एक पोलीस पैसे भरून उभा करायचा. आजवर त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. यंदा कमिटीच्या झूम कॉलवर एकीने विचारलं, "पोलीस दाराशी असेल तर तो कुणाचे कागद बघेल का? माझ्या सासूबाईंच्या इथल्या मुक्कामाचं एक्स्टेन्शन अजून पेंडिंग आहे." दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "अगं, न्यू जर्सीत पोलीस आइसला मदत करतच नाहीत, तसा कायदा आहे." लगेच दुसरा म्हणाला, "आणि तेच तर चुकीचं आहे." झालं. फराळाची यादी राहिली बाजूला.

मला विचारायचंय ते असं: हा जो 'कायदा' म्हणतात तो नक्की काय आहे? पोलीस आइसला काय देतात आणि काय देत नाहीत? आणि राज्याने असा हात आखडता घ्यावा का, याबद्दल तुमचं मत काय? टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉयवाल्यांनी तिकडचं सांगा. ट्रम्प-बायडन कृपया नको, त्यासाठी इथे ढीगभर धागे आहेत.

खवट_शेंगदाणा

पोलिसाला चार चकल्या द्या. तोच तुम्हाला स्वतःचे कागद दाखवेल.
(दिवे घ्या.)

हायवे_२८७

शेवंता, आधी एक गोष्ट. न्यू जर्सीत २०१८ मध्ये आला तो विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता, अ‍ॅटर्नी जनरलने पोलिसांना दिलेला आदेश होता. इमिग्रंट ट्रस्ट डिरेक्टिव्ह. गुरबीर ग्रेवाल अ‍ॅटर्नी जनरल असताना नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाला, मार्च २०१९ पासून लागू झाला. इथे अ‍ॅटर्नी जनरल राज्यातल्या सगळ्या पोलिसांच्या वर असतो, त्यामुळे टाऊनच्या शिपायापासून काउंटीच्या तुरुंगापर्यंत सगळ्यांना तो बंधनकारक आहे. पण नुसता आदेश असेल तोवर दुसरा अ‍ॅटर्नी जनरल एका सहीत मागेही घेऊ शकतो.

त्यात ढोबळमानाने असं आहे की केवळ इमिग्रेशन स्टेटसवरून कुणाला थांबवायचं नाही, अटक करायची नाही. गंभीर गुन्ह्याच्या तपासाला गरज असल्याशिवाय स्टेटस विचारायचंही नाही. आइसच्या दिवाणी धाडींत सामील व्हायचं नाही. कोठडीतल्या माणसाशी आइसला बोलायचं असेल तर त्याची लेखी संमती लागते. आणि सगळ्यात जास्त भांडण ज्यावरून होतं ते: आइसने "याची सुटका झाली तरी धरून ठेवा" असं कळवलं, म्हणजे डिटेनर पाठवला, तर हिंसक किंवा गंभीर गुन्ह्यांखेरीज धरून ठेवायचं नाही. गंभीर असला तरी ज्या दिवशी सुटणार त्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंतच.

न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आणलं तर यातलं काहीच आड येत नाही. आणि आइस स्वतः हवं तिथे काम करतेच. नेवार्कचं डिलेनी हॉल, आइसचं कोठडीगृह, आठवा, मे २०२५ मध्ये तिथे महापौर रास बराका यांनाच अटक झाली होती.

जाता जाता, माझा आयडी हायवेवरून आहे, इमिग्रेशन कायद्याच्या २८७(जी) कलमावरून नाही (त्याखाली स्थानिक पोलीस आइसशी करार करून इमिग्रेशनचं काम करतात). दोन जणांनी खासगी निरोप पाठवून विचारलंय.

सातारकर७१

मला हे कधीच पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, २०१३ च्या शेवटची. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडायचं, रांग दोन आठवडे सरकली तर आनंद मानायचा. नोकरी बदलायची म्हटली की आधी वकील. आईच्या अंत्यदर्शनाला जाता आलं नाही कारण स्टॅम्पिंगची तारीख मिळेना. हे सगळं आम्ही नियम आहे म्हणून सोसलं. आणि ज्याने नियम धाब्यावर बसवला त्याच्याकडे पोलिसांनी मुद्दाम काणाडोळा करायचा?

२०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत धक्क्यावर वडिलांबरोबर फिरणारी एक तरुण मुलगी गोळी लागून गेली. गोळी ज्याच्या हातातून सुटली तो आधी पाच वेळा डिपोर्ट झालेला होता. आइसने शेरीफला (काउंटीचा तुरुंग चालवणाऱ्या अधिकाऱ्याला) डिटेनर पाठवलेला होता. शेरीफच्या खात्याने त्याला सोडून दिलं. त्या आईवडिलांना तुमच्या डिरेक्टिव्हमधला 'ट्रस्ट' समजावून सांगा.

निवांत_बापू

सातारकर +१. रांगेत उभ्या असलेल्यांचं कुणालाच पडलेलं नाही.

काळाकोट

मी इमिग्रेशनची वकिली करत नाही, पण लॉ इथेच केलंय म्हणून लिहितो.

सातारकर, रांगेचा राग रास्त आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करू. चोरून सीमा ओलांडणं हा गुन्हा आहे. व्हिसा संपल्यावर नुसतं राहणं हा फौजदारी गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. अ‍ॅरिझोनाच्या कायद्यावरच्या २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ लिहिलंय. आता शेरीफने ज्याची सुटका व्हायची वेळ आली आहे अशा माणसाला आइससाठी आणखी ४८ तास डांबलं, तर कोर्टाच्या दृष्टीने ती नवी अटक. आणि डिटेनरवर सही असते आइसच्याच अधिकाऱ्याची, न्यायाधीशाची नाही. पेनसिल्व्हेनियात लेहाय काउंटीने याच पद्धतीने चक्क न्यू जर्सीत जन्मलेल्या अमेरिकन नागरिकाला कोठडीत ठेवलं. तो खटला थर्ड सर्किट या केंद्रीय अपील कोर्टापर्यंत गेला. २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही. काउंटीने ती मानायचं ठरवलं तर नुकसानभरपाईचं ओझंही काउंटीच्या डोक्यावर. त्यानंतर देशभरात कितीतरी काउंट्यांनी डिटेनर पाळणं बंद केलं ते भूतदयेपोटी नव्हे, दाव्यांच्या धास्तीने.

दुसरं, केंद्र सरकार राज्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. हे तत्त्व इमिग्रेशनवाल्यांनी शोधलेलं नाही. १९९७ चा प्रिंट्झ खटला बंदुकांचा होता. बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक शेरीफने तपासावी असं केंद्राने सांगितलं. मोंटाना आणि अ‍ॅरिझोनाचे दोन शेरीफ "आम्ही तुमचे नोकर नाही" म्हणत कोर्टात गेले आणि जिंकले. निकाल लिहिला न्या. स्कालियांनी. पुढचा मोठा निकाल २०१८ चा, आणि तो तर आपल्या न्यू जर्सीचा. राज्याला खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायची होती, केंद्राचा कायदा आडवा येत होता. राज्य जिंकलं. ओशन आणि केप मे काउंट्यांनी "आम्हाला आइसला मदत करू द्या" म्हणून या डिरेक्टिव्हविरुद्ध दावा लावला, तेव्हा थर्ड सर्किटने २०२१ मध्ये त्याच सट्ट्याच्या निकालावर बोट ठेवून तो फेटाळला.

खवट_शेंगदाणा

म्हणजे बंदूकवाले आणि सट्टेबाज यांनी मिळून शेवंताच्या मैत्रिणीच्या सासूबाईंना वाचवलं. मंडळाची पुढची सहल कॅसिनोंच्या अटलांटिक सिटीला न्या, कृतज्ञता म्हणून.

कोथरूडकर

इथे पुण्यात बसून वाचतोय आणि मजा वाटते आहे. देशाचा कायदा आहे आणि राज्याचे पोलीस म्हणतात आमचा संबंध नाही, हे आपल्या डोक्यात शिरणं अवघड.

आपल्याकडे पोलीस राज्यसूचीत आहेत आणि परदेशी माणसाला देशाबाहेर घालवणं केंद्रसूचीत. तरी मुंबई-ठाण्यात बांगलादेशी म्हणून धरपकड होते ती करतात महाराष्ट्राचेच पोलीस. केंद्राने ते अधिकार राज्यांकडे कधीच सोपवून ठेवलेत. शिवाय राज्यघटनेचं कलम २५६ आहे: संसदेचे कायदे पाळले जातील असाच कारभार राज्याने करायचा, आणि त्यासाठी केंद्र राज्याला निर्देश देऊ शकतं. एखाद्या मुख्यमंत्र्याने उद्या म्हटलं की आमचे पोलीस यात पडणार नाहीत, तर दिल्लीहून काय येईल ते सांगायला नको.

काळाकोट

कोथरूडकर, नेमका इथेच फरक आहे. इथे कलम २५६ नाही. केंद्राला आपला कायदा राबवायचा तर माणसं आपली, खर्च आपला. निधीचं गाजर दाखवता येतं, पण त्याच्या अटी काँग्रेसने आधी घातलेल्या असाव्या लागतात. 'मदत करत नाही म्हणून पैसे बंद' हा प्रयोग २०१७ मध्ये झाला आणि २०२५ मध्येही. दोन्ही वेळा सॅन फ्रान्सिस्कोच्या न्या. ऑरिक यांनी तो अडवला. नेवार्क, जर्सी सिटी, पॅटर्सन, होबोकन या चार शहरांवर केंद्राने मे २०२५ मध्ये दावा लावला. इलिनॉयवर लावलेला त्याच वर्षी जुलैत फेटाळला गेला.

खवट_शेंगदाणा

सोप्या मराठीत: सोसायटीचा वॉचमन महापालिकेची घरपट्टी वसूल करत नाही. घरपट्टी बुडव्यांना तो लपवतही नाही. पालिकेने आपला माणूस पाठवावा.

सातारकर७१

आणि वॉचमनच्या केबिनमध्ये घरपट्टी बुडवा स्वतः चालत येऊन बसला, तरी वॉचमन पालिकेला फोन करणार नाही?

खवट_शेंगदाणा

हा मुद्दा बरोबर आहे. विचार करतो.

विसरभोळा_एच१

एक प्रश्न. ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय व्हिसा) बंद झाल्यावर आता मुंबईला स्टॅम्पिंगच्या तारखा मिळतायत का? डिसेंबरचं तिकीट काढलंय.

निवांत_बापू

अहो त्यासाठी वेगळा धागा आहे, सगळ्यात वर पिन केलेला. तिकीट रिफंडेबल आहे का ते आधी बघा.

टेक्सासवहिनी

आम्ही केटीला, ह्यूस्टनच्या पश्चिमेला. आमच्याकडे बरोबर उलटं चित्र. २०१७ मध्ये एसबी ४ नावाचा राज्याचा कायदा आला. शहराने किंवा काउंटीने 'आम्ही मदत करणार नाही' असं धोरणच ठेवायचं नाही. डिटेनर मानणं तुरुंगांना सक्तीचं. रीतसर थांबवलेल्या माणसाला पोलिसाने स्टेटस विचारलं तर वरिष्ठ त्याला अडवू शकत नाहीत. मोडलं तर दंड, खुर्चीही जाऊ शकते. मोठी शहरं कोर्टात गेली, पण फिफ्थ सर्किटने २०१८ मध्ये बहुतेक कायदा तसाच ठेवला. मग जून २०२५ मध्ये एसबी ८ वर सही झाली. तुरुंग चालवणाऱ्या शेरीफने आइसशी २८७(जी) करार केलाच पाहिजे, असा तो कायदा, जानेवारी २०२६ पासून लागू.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. गेल्या वर्षी आमच्या ह्यांना रात्री स्पीडिंगला थांबवलं. इथे एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या लायसन्सवर 'लिमिटेड टर्म' असं छापलेलं असतं. त्या अधिकाऱ्याने टॉर्चखाली ते वाचलं, कार्ड उलटं करून बघितलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं कुठल्या व्हिसावर आहात. ह्यांनी सांगितलं. तिकीट दिलं, "ड्राइव्ह सेफ" म्हणाला, गेला. उद्धटपणा अजिबात नाही. पण मागच्या सीटवर सासरे होते. ते नागपूरला हेडमास्तर होते, पोलीस त्यांच्याशी खुर्ची देऊन बोलायचे. ते हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. त्यानंतर संध्याकाळनंतर गाडीत बसायला तयारच नाहीत, देवळातसुद्धा सकाळीच जायचं.

मृगजळ

वाचतेय. चांगला धागा.

झुळूक

मी वीकेंडला आणि काही दुपारी दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर फोन घेते. कुठली ते लिहीत नाही, आणि तपशील मुद्दाम बदललेत.

फोन दुपारी येतात. नवरा घरून काम करत असेल तर बाथरूममधून, नळ सोडून. बाई एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असते. पासपोर्ट, आय-९४ ही प्रवेशाची नोंद, आय-७९७ ही मंजुरीची नोटीस, सगळं एका फाइलमध्ये, फाइल कपाटात, किल्ली त्याच्याकडे. आणि एक वाक्य जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये ऐकू येतं: "तो म्हणतो, पोलिसांना बोलावलंस तर आधी तुलाच घालवतील." काहींनी तर त्याच्याकडून घटस्फोटाचे कागद येऊन पडेपर्यंत कुणाला सांगितलेलं नसतं, आणि घटस्फोट झाला की एच-४ संपतोच.

या राज्यात मी तिला एवढं सांगू शकते की ९११ वर आलेला पोलीस तुझा व्हिसा बघायला येत नाही, त्याला तशी मनाई आहे. त्यानंतर ती श्वास घेते आणि पुढचं ऐकते. यू व्हिसा म्हणून एक प्रकार आहे, २००० च्या कायद्यातला, गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या माणसांसाठी. त्याच्या अर्जाला पोलिसांची किंवा सरकारी वकिलांची सही लागते. म्हणजे जिला पोलिसांची सगळ्यात जास्त भीती, तिलाच त्यांच्या दारात जावं लागतं. वर्षाला १०,००० ची मर्यादा आहे, त्यामुळे सातारकर, रांग तिलाही चुकलेली नाही.

मी हे धोरण या खिडकीतून बघते. बाकीचं घटनेतलं तुम्ही बघा.

टेक्सासवहिनी

झुळूक, एक भर. आमच्या एसबी ४ मध्येसुद्धा तक्रारदाराला किंवा साक्षीदाराला गरजेशिवाय स्टेटस विचारू नये असं लिहिलंय. पण नळ सोडून बोलणारी बाई पोटकलमं थोडीच वाचणार आहे. तिने टीव्हीवर पाहिलेलं असतं की इथले शेरीफ आइसबरोबर आहेत. तेवढं पुरतं.

सातारकर७१

झुळूकताई, तुमच्या त्या बाईबद्दल माझं दुमत नाही. तक्रार द्यायला आलेल्याला हात लावू नये, मी टाऊन कौन्सिलात उभं राहून हे म्हणेन.

माझं भांडण तुरुंगाच्या दारावरचं आहे. तिथे तक्रारदार नसतो, तिथे पकडून आणलेला असतो. तो आयता हातात असताना आइसच्या स्वाधीन करायला काय हरकत? तुम्ही त्याला सोडता. मग आइसला त्याच्या घरी जावं लागतं. तिथे त्याचा मेव्हणा सापडतो, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सापडतो, ज्यांनी कधी लाल सिग्नलही तोडला नाही. तुरुंगाचं दार बंद करून तुम्ही धाड गल्लीत आणता.

हायवे_२८७

सातारकरांचा हा मुद्दा वजनदार आहे आणि डिरेक्टिव्हचे समर्थक तो सहसा टाळतात. मी टाळत नाही, पण त्यात एक गृहीत चुकतंय: की न्यू जर्सी माणसं लपवते.

कुणालाही अटक झाली की बोटांचे ठसे घेतले जातात. ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे. २००८ मध्ये सिक्युअर कम्युनिटीज सुरू झाल्यापासून हे असंच आहे, आणि राज्याला त्यातून अंग काढून घेता येत नाही. एडिसनला पकडलेला माणूस आणि केटीला पकडलेला माणूस, दोघांचेही ठसे आइसला मिळतात. राज्याच्या हातात उरतं ते एवढंच: सुटकेची वेळ आधी कळवायची का, आणि दार उघडायला उशीर करायचा का.

आणि "पकडून आणलेला" म्हणजे दोषी नव्हे. शेजाऱ्याशी बाचाबाची झाली, दोघांनाही नेलं, दुसऱ्या दिवशी आरोप रद्द, हे रोज होतं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राचा नवा कायदा आलाय, त्यात स्टेटस नसलेल्या माणसाला दुकानातल्या चोरीच्या आरोपाखाली नुसती अटक झाली तरी आइसने त्याला कोठडीत ठेवायचंच. दोष सिद्ध व्हायची वाट नाही. मग पकडणाऱ्या पोलिसाच्या मर्जीवर केवढं अवलंबून राहिलं बघा. काळजी ही आहे की एखादा डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा पोलीस) उद्या तुटक्या टेललाइटसाठी मुद्दाम ठरावीक रंगाच्या माणसांनाच थांबवू लागेल. पुढचं काम यंत्रणा करते.

फिरस्ती

सगळे २०१७ नंतरचं बोलतायत म्हणून थोडं मागचं.

अशा प्रकारचा राज्याचा पहिला कायदा ओरेगनचा, १९८७ चा. इंडिपेंडन्स नावाच्या छोट्या गावात १९७७ मध्ये पोलीस एका रेस्टॉरंटमध्ये शिरले आणि मेक्सिकन वंशाच्या माणसांना टेबलावरून उठवून चौकशी केली. त्यांतला एक अमेरिकन नागरिक निघाला. त्यातून खटला झाला, पुढे कायदा. २०१८ मध्ये तो रद्द करावा का यावर मतदान झालं आणि जवळपास ६३ टक्के लोकांनी 'राहू द्या' म्हटलं.

त्याच्याही आधी १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांचा स्पेशल ऑर्डर ४०: केवळ स्टेटस तपासण्यासाठी पोलिसाने स्वतःहून कारवाई सुरू करायची नाही. तो काढणारे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स. त्यांना मवाळ म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांचा हिशेब साधा होता, साक्षीदार बोलले पाहिजेत. आणि इलिनॉयच्या २०१७ च्या ट्रस्ट अ‍ॅक्टवर सही करणारे गव्हर्नर रौनर रिपब्लिकन.

अजून मागे जायचं तर १८४२. पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याचा केंद्राचा कायदा होता. सुप्रीम कोर्टाने प्रिग खटल्यात पेनसिल्व्हेनियाचा कायदा मोडीत काढला, पण त्याच निकालातून असंही निघालं की राज्यांच्या अधिकाऱ्यांवर त्या कायद्याच्या अंमलबजावणीची सक्ती करता येणार नाही. उत्तरेकडच्या राज्यांनी मग तेच केलं.

निवांत_बापू

गुलामगिरीशी तुलना? व्हिसा मोडून राहणारा आणि गुलाम एकाच पंगतीत बसवताय?

फिरस्ती

माणसांची तुलना करत नाहीये बापू, कोर्टाच्या युक्तिवादाचं मूळ सांगतोय.

बे_एरियाकर

कॅलिफोर्नियातून. आमचा एसबी ५४, जेरी ब्राऊन यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये सही केली, जानेवारी २०१८ पासून लागू. नाइन्थ सर्किटने २०१९ मध्ये तो टिकवला आणि सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये केंद्राचं अपील ऐकायलाच नकार दिला.

सातारकरांना वाटतं तेवढा तो ढिला नाही. शेरीफ मंडळींनी सही व्हायच्या आधी जोर लावून त्यात अपवादांची लांबलचक यादी घालून घेतली. ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याला तुरुंग आइसकडे देऊ शकतो. आणि राज्याच्या मोठ्या कारागृहांना तर तो लागूच नाही. त्यामुळे लहानपणी निर्वासित म्हणून कंबोडिया-लाओसहून आलेला, विशीत गुन्हा केलेला, वीस-पंचवीस वर्षं शिक्षा भोगून पॅरोल मिळालेला माणूस दारातून बाहेर पडतो तो थेट आइसच्या गाडीत. इथले कार्यकर्ते गव्हर्नरवर यासाठी चिडून असतात. म्हणजे कायदा कुणालाच पुरता आवडत नाही.

आणि एसबी ५४ असूनही जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. नॅशनल गार्ड उतरवले.

सातारकर७१

हेच तर म्हणतोय. तुरुंगातून दिलं असतं तर गार्ड उतरवायची वेळ आली नसती.

टेक्सासवहिनी

सातारकर, आमच्याकडे तुरुंगांची दारं सताड उघडी आहेत. तरीही मजूर उभे राहतात त्या नाक्यांवरून माणसं उचलतातच. आमच्या घराचं छप्पर बदलणाऱ्या कंत्राटदाराची निम्मी टोळी मध्येच यायची बंद झाली.

सातारकर७१

मान्य, टेक्सासचं उदाहरण माझ्या बाजूने जात नाही. पण मग तुमच्या धोरणाने नेमकं कोण वाचतं तेही कुणी दाखवलेलं नाही. ठसे जातातच म्हणता, आइस येतेच म्हणता. मग उरलं काय, राजकारण्यांची पाठ थोपटणं?

झुळूक

नळ सोडून बोलणाऱ्या बाया उरल्या.

संपादक

दोन प्रतिसाद काढले आहेत. सदस्यांच्या स्वतःच्या व्हिसा स्टेटसबद्दल तर्क करणं आणि 'तुझी तक्रार करतो' असल्या धमक्या इथे चालणार नाहीत, गमतीतसुद्धा.

शेवंता_एडिसन

बापरे, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. काळाकोट, कमिटीला एक मेल लिहायची आहे, तेवढं सरळ सांगाल का? पार्किंगचा पोलीस, सभागृह, आणि पेंडिंग एक्स्टेन्शन.

काळाकोट

पोलीस टाऊनचाच, त्यामुळे डिरेक्टिव्ह त्याला लागू. तो गाड्या लावून घेईल, कागद मागणार नाही.

सभागृहात तिकीट बघून आत सोडत असाल तर तो भाग सगळ्यांना खुला नाही. तिथे परवानगीशिवाय शिरायला आइसला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं. त्यांचं स्वतःच्या अधिकाऱ्याने सही केलेलं वॉरंट त्यासाठी पुरत नाही. दारावर कुणी कागद दाखवला तर वाचायचा, सही कुणाची आहे ते बघायचं, वाद घालायचा नाही, अडथळा आणायचा नाही, शाळेच्या जबाबदार माणसाला बोलवायचं. पार्किंग लॉट मात्र उघडी जागा आहे.

सासूबाईंनी मुदत संपायच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत त्यांचे दिवस बेकायदा मुक्काम म्हणून मोजले जात नाहीत. अर्जाची पावती जवळ ठेवा. पण पावती म्हणजे स्टेटस नव्हे, त्यामुळे त्यांनी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा दाखवून घ्यावं. बाकीच्यांसाठी: १८ वर्षांवरच्या, नागरिक नसलेल्या प्रत्येकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगायचा हा नियम १९५० च्या दशकापासून आहे. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड, एच-१ किंवा एच-४ असेल तर आय-९४ ची प्रिंट.

निवांत_बापू

ग्रीन कार्ड मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय, हरवू नये म्हणून. आता काढून आणतो.

पलीकडचा_तीर

उशिरा आलो. मी राहतो प्रिन्स्टनजवळ आणि ऑफिस पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत. रोज स्कडर फॉल्सच्या पुलावरून जातो. इकडे न्यू जर्सीत २८७(जी) वर पूर्ण बंदी, आणि पलीकडच्या शेरीफने २०२५ मध्ये आइसशी करार केला होता, तोही टास्क फोर्सवाला, ज्यात डेप्युटी रस्त्यावरच इमिग्रेशन अधिकाऱ्याचं काम करू शकतो. काउंटीचे कमिशनर म्हणत होते आम्हाला न विचारता शेरीफला असा करार करता येत नाही. प्रकरण कोर्टात गेलं. मी एच-१ वर. अशा कराराचा मला रोजच्या येण्या-जाण्यात काही फरक पडतो का?

हायवे_२८७

पेनसिल्व्हेनियात शेरीफचं खातं मुख्यतः कोर्टाचा बंदोबस्त, कैद्यांची ने-आण, वॉरंट बजावणं हे बघतं. तुला स्पीडिंगला थांबवेल तो बहुतेक टाउनशिपचा पोलीस किंवा स्टेट ट्रूपर. टाउनशिपने आइसशी वेगळा करार केलाय का ते मात्र बघून ठेव. आइसच्या वेबसाइटवर करार केलेल्या खात्यांची यादी असते.

सातारकर७१

आणि आय-९४ ची प्रिंट गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये टाकू नकोस, पाकिटात ठेव. ग्लव्ह बॉक्समध्ये हात घालताना पोलीस बिचकतात.

खवट_शेंगदाणा

त्या पुलावर जाताना टोल लागतो, येताना नाही. तेवढं न्यू जर्सीच्या बाजूने धरा.